नोंद कोणाची, यश कोणाचे?

बाजारात आलेली नवी वस्तू चालली की पडली, हे ठरविण्याचे साधन पूर्वी एकच होते : खप. गिरणीमालक गोदामातील माल किती हलला ते पाही. साबणाचा कारखानदार दुकानदाराकडून पुन्हा मागणी आली का ते पाही. नेलेला साबण गिऱ्हाइकाने वापरला की फळीवर ठेवून दिला, याचा पत्ता त्याला क्वचितच लागे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही स्थिती पार बदलली आहे. मोबाइलवरील वा संगणकावरील प्रत्येक सेवा आपल्या वापरणाराच्या हालचालींची नोंद आपोआप ठेवीत असते. कोण केव्हा आला, त्याने कोणते बटण दाबले, तो किती सेकंद थांबला, कोठून परत फिरला, हे सारे यंत्राच्या वहीत उतरते. त्या धंद्यात या वहीला ‘लॉग’ म्हणतात. शब्द दर्यावर्दींचा आहे. जहाजाचा वेग काढण्यासाठी खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात सोडीत आणि ठराविक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सरकल्या ते मोजीत. तो आकडा ज्या वहीत लिहीत तिलाही त्या लाकडाचेच नाव पडले. त्यावरून वेग कळे. जहाज योग्य बंदराकडे चालले आहे की नाही, हे मात्र त्या लाकडाला विचारून भागत नसे.

नव्या उत्पादनाचे यश आज या लॉगवरून मोजले जाते, आणि ही पद्धत आता केवळ कंपन्यांची राहिलेली नाही. सरकारी योजनांचे यशही त्याच मापाने जाहीर होऊ लागले आहे. रोजगार हमीच्या कामावरील मजूर बाईची मजुरी एका मोबाइल नोंदीवर अवलंबून राहू लागते, तेव्हा हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून श्रमिकांच्या चळवळीला स्वस्थ बसता येणार नाही. मात्र त्यासाठी ही मोजणी कशी चालते आणि ती कोठे फसते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. नुसत्या निषेधाने काम भागणारे नाही.

ती कोठे फसते याचा उत्तम दाखला याच धंद्यातील माणसांनी देऊन ठेवला आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या रॉन कोहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ‘बिंग’ या त्या कंपनीच्या शोधयंत्रावर एक प्रयोग चालू असताना प्रणालीत दोष राहून गेला आणि काही वापरणारांना अत्यंत निकृष्ट उत्तरे दिसू लागली. आता लॉगमध्ये काय दिसावे? दरडोई प्रश्नांची संख्या १० टक्क्यांहून अधिक वाढली, आणि दरडोई जाहिरात-उत्पन्न ३० टक्क्यांहून अधिक वाढले! कारण साधे होते. उत्तर न मिळाल्यामुळे माणसे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, शब्द बदलून विचारीत होती. आणि खऱ्या उत्तरांपेक्षा शेजारची जाहिरातच त्यातल्या त्यात उपयोगी वाटल्याने तिच्यावर बोट ठेवीत होती. वही वाचणाऱ्याने केवळ वापर आणि उत्पन्न पाहिले असते तर बिघडलेले यंत्र हेच सर्वांत यशस्वी यंत्र ठरले असते.

या मंडळींनी त्यावर काढलेला निष्कर्ष प्रामाणिक आहे. एका कामासाठी माणसाला जितके कमी प्रश्न विचारावे लागतील तितके यंत्र चांगले. म्हणून एका बैठकीत तो किती वेळ अडकून पडला हे न पाहता तो पुन्हा पुन्हा या यंत्राकडे येतो का, हे पाहावे, असे त्यांनी सुचविले. परंतु या सूचनेतून एक गोष्ट सिद्ध होते. लॉग स्वतः काहीच सांगत नाही. ‘१० टक्के वाढ’ हा आकडा सुखाचा की मनस्तापाचा, हे ठरविणारा निकष वहीच्या बाहेरून आणावा लागतो. आणि निकष बाहेरून आणावयाचा म्हटले की तो कोणी आणावयाचा, हा प्रश्न आलाच.

कंपन्यांनी तो स्वतःच आणला आहे, आणि सोयीप्रमाणे बदललाही आहे. नेटफ्लिक्स ही चित्रपट दाखविणारी कंपनी पूर्वी एखाद्या चित्रपटाचा वा मालिकेच्या एका भागाचा ७० टक्के हिस्सा पाहिला गेला तरच तो ‘पाहिला’ असे धरीत असे. जानेवारी २०२० मध्ये तिने भागधारकांना कळविले की, यापुढे दोन मिनिटे पाहणाराही प्रेक्षक मानला जाईल. नव्या मापाने आकडे सरासरीने सुमारे ३५ टक्क्यांनी फुगतात, हेही तिनेच नमूद केले. २०२१ साली ते माप टाकून एकूण तास मोजणे सुरू झाले, २०२३ साली त्या तासांना चित्रपटाच्या लांबीने भागणे सुरू झाले. चित्रपट तेच, प्रेक्षक तेच. यश मात्र तीनदा नव्याने मोजले गेले. फेसबुकचे उदाहरण याहून गंभीर म्हणावे लागेल. एखादी चित्रफीत लोक सरासरी किती वेळ पाहतात हे काढताना तीन सेकंदांच्या आत निघून जाणारांना भाजकातून वगळले जात होते. त्यामुळे सरासरी फुगली. २०१६ साली कंपनीला हे मान्य करावे लागले, आणि जाहिरातदारांनी लावलेला दावा तिने २०१९ मध्ये ४ कोटी डॉलर देऊन मिटविला. येथे फसवणूक झाली ती कंपनीच्या गिऱ्हाइकांची, म्हणजे जाहिरातदारांची. त्यांच्यापाशी वकील होते म्हणून भरपाई तरी मिळाली. चित्रफिती पाहणारी कोट्यवधी माणसे या हिशेबात कोठेच नव्हती.

अशा मोजणीच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद केला जातो तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चांगलाच परिचित आहे. माणूस काय बोलतो ते सोडा, तो काय निवडतो ते पाहा. निवड हीच त्याची खरी पसंती. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या ‘प्रकट पसंती’च्या कल्पनेचे हे बाजारी रूप होय. दिवसाचा तास तास जर लोक एखाद्या सेवेवर घालवितात तर ती त्यांना हवीच असली पाहिजे, एवढे बोलून वाद संपविला जातो. अमर्त्य सेन यांनी १९७३ मध्येच या भूमिकेतील उणीव दाखवून दिली होती : माणसाच्या कृतीमागे इतरांच्या कृतीचा अंदाज, रूढी, बांधिलकी, असहायता असे बरेच काही असते, तेव्हा निवडीवरून थेट हितापर्यंत उडी मारता येत नाही. सेन यांचा मुद्दा त्या वेळी तात्त्विक वाटला असेल. आज त्याला प्रयोगाचा आधार मिळाला आहे.

अमेरिकेत हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेन्ट्स्को आदी अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ च्या मध्यावधी निवडणुकीपूर्वी काही लोकांना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवावयास लावले. त्यांना दिवसाकाठी सुमारे तासभर मोकळा मिळाला, त्यांचे मानसिक स्वास्थ्य थोडेसे सुधारले, आणि प्रयोग संपल्यावरही त्यांनी फेसबुक पूर्वीइतके वापरले नाही. त्यापुढचा प्रयोग अधिकच उद्बोधक आहे. लिओनार्दो बुर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले : बाकीचे सारे वापरीत असताना तू एकट्याने टिकटॉक महिनाभर बंद करावेस, तर किती पैसे घेशील? सरासरी उत्तर आले ५९ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी ४७. येथपर्यंत बाजाराचा भक्त खूष होईल, कारण वस्तूला एवढी किंमत आहे. मग प्रश्न बदलला : तुझ्यासह सर्वांचेच बंद होणार असेल तर? आता विद्यार्थी पैसे घेण्याऐवजी उलट द्यावयास तयार झाले, टिकटॉकसाठी २८ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी १०. म्हणजे प्रत्येकाला एकट्याने बाहेर पडणे परवडत नाही, कारण मित्रमंडळींतून तुटावे लागते. आणि ही वस्तू मुळात नसती तर बरे, असे मात्र अनेकांना वाटते. संशोधकांनी तिला सामूहिक सापळा असे नाव दिले आहे.

कामगार चळवळीत वाढलेल्या कार्यकर्त्याला हा सापळा नवा नाही. बारा तासांची पाळी करावयास ‘तयार’ असलेला मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर रोज सापडत होता. त्या हजेरीपटावरून बारा तासांची पाळी मजुरांची आवडती आहे असा निष्कर्ष काढणारे मालकही होतेच. आठ तासांचा दिवस कोणाही एका मजुराला निवडता येण्याजोगा नव्हता, तो सर्वांना मिळून मागावा लागला. लॉगमध्ये एकेकट्याच्या निवडीच काय त्या उतरतात. सर्वांनी मिळून जे निवडले असते त्यासाठी त्या वहीत रकानाच नसतो.

निदान बाजारात वस्तू न घेण्याची मोकळीक कागदोपत्री तरी असते. सरकार जेव्हा एखादी मोबाइल सेवा काढते आणि तिचा वापर सक्तीचा करते तेव्हा तीही उरत नाही, आणि तरीही वापराचा आकडा यशाचा म्हणून मिरविला जातो. कोविडच्या साथीत २ एप्रिल २०२० रोजी ‘आरोग्य सेतु’ सुरू झाले. पहिल्या १३ दिवसांत ते ५ कोटी मोबाइलवर उतरविले गेले, याचा गवगवा झाला. १ मे रोजी गृह मंत्रालयाने सरकारी आणि खाजगी सर्व कर्मचाऱ्यांना ते सक्तीचे केले; टीका झाल्यावर १७ मे रोजी भाषा सौम्य करण्यात आली. किती संसर्ग त्यामुळे वेळीच सापडले आणि किती माणसे वाचली, हा खरा प्रश्न. ज्यांच्या हाती साधा फोनच होता, किंवा तोही नव्हता, त्या स्थलांतरित मजुरांची मैलोन्‌मैल पायपीट त्याच एप्रिल-मे महिन्यांत चालू होती. त्या वहीत त्यांचे एक पाऊलही नोंदले गेले नाही.

यापुढची पायरी रोजगार हमीची. येथे महाराष्ट्राने थोडे मागे वळून पाहिले पाहिजे, कारण कामाचा हक्क कायद्यात आणणारे हे राज्य आहे. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेली आणि १९७२ च्या दुष्काळात कसाला लागलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या अधिनियमाने कायदा झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. खडी फोडणाऱ्या, नालाबांध घालणाऱ्या लाखो स्त्री-पुरुषांची नोंद त्या काळी हजेरीपटावर होई, आणि त्या हजेरीपटात खोटी नावे घुसविली जात हेही खरे आहे. बोगस मस्टरविरुद्ध मोर्चे काढण्यात समाजवादी आणि साम्यवादी कार्यकर्तेच पुढे होते. तेव्हा नोंद चोख हवी ही मागणी मुळात मजुरांची आहे, दिल्लीच्या संगणकतज्ज्ञांची नव्हे, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीच्या कामांसाठी केंद्राने २१ मे २०२१ रोजी हजेरीची मोबाइल प्रणाली सुरू केली. १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर ती सक्तीची झाली. मजुरांची हजेरी आणि दिवसातून दोन वेळा त्यांचे छायाचित्र, वेळ आणि ठिकाणाच्या खुणेसह, कामाच्या जागेवरूनच चढवावयाचे. पारदर्शकतेचे साधन म्हणून तिचे स्वागत व्हावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काय झाले? या योजनेवरील बहुतेक काम मोजमापाने होते. किती घनमीटर माती काढली त्यावर मजुरी. उन्हाळ्यात मजूर पहाटेच कामाला लागून ऊन चढण्यापूर्वी नेमून दिलेले काम उरकतात, हा वर्षानुवर्षांचा शहाणपणा. नव्या प्रणालीत दुपारच्या छायाचित्रासाठी त्यांना उन्हात थांबावे लागे किंवा घरी जाऊन पुन्हा यावे लागे. डोंगराळ भागात फोनला रेंज नसली, मेटच्या हातातील फोन जुना असला, छायाचित्र चढले नाही, की हजेरी लागली नाही. आणि हजेरी नाही म्हणजे मजुरी नाही. खोदलेली माती डोळ्यांसमोर पडलेली असे, पण वहीत ती नसे. फेब्रुवारी २०२३ पासून दिल्लीच्या जंतरमंतरवर मजुरांनी याविरुद्ध धरणे धरले.

आणि ज्या चोरीसाठी हे सारे केले ती थांबली काय? ८ जुलै २०२५ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहून गैरप्रकारांची यादी दिली. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढविणे, छायाचित्राचेच छायाचित्र काढून पाठविणे, नोंदीतील आणि चित्रातील मजुरांची संख्या न जुळणे, स्त्रियांच्या जागी पुरुष वा पुरुषांच्या जागी स्त्रिया दिसणे, तीच माणसे अनेक हजेरीपटांवर असणे, दुपारचे छायाचित्र गायबच असणे. उपाय काय सांगितला? ग्रामपंचायत पातळीवर ही छायाचित्रे माणसांनी डोळ्यांनी तपासावीत! माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले, आणि यंत्रावर विश्वास नाही म्हणून पुन्हा माणूस बसविला. मध्ये मजुरी बुडाली ती कष्टकऱ्यांची. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाविषयी लिहिताना दाखविले होते की, एखाद्या सांख्यिकी संबंधावर नियंत्रणाचा भार टाकला की तो संबंधच कोसळतो. छायाचित्रावर मजुरी अवलंबून ठेवली की छायाचित्र तयार होऊ लागते. त्याच्यामागे काम असेलच असे नाही.

तरीही हा दोषांचा पाढा मुख्य मुद्दा नव्हे. उद्या रेंज सुधारेल, चेहरा ओळखणारे यंत्र येईल, छायाचित्राचे छायाचित्र पकडले जाईल. मुख्य मुद्दा असा की, ही वही उघडते तीच मुळी हजेरीपट निघाल्यानंतर. ज्याने काम मागितले आणि ज्याला ते मिळालेच नाही तो या वहीत कधी येतच नाही. २००५ च्या कायद्याचा प्राण मागणीत होता : मजुराने अर्ज करावा, त्याची तारखेसह पोच घ्यावी, पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता मागावा. ग्रामपंचायतीच्या दारात मजुराला अशी पोच किती वेळा मिळाली, हे गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांना ठाऊकच आहे. पोच नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे भत्ता नाही, आणि संगणकाच्या पडद्यावर मागणी व पुरवठा यांचा मेळ नेहमीच सुरेख दिसतो. शोधयंत्राला कंटाळून कायमचा निघून गेलेला माणूस जसा कंपनीच्या दरडोई आकड्यातून गळतो तसाच कामाविना ऊसतोडीला गेलेला बीडचा मजूरही या आकड्यातून गळतो. जो गळला तो असमाधानी होता, हे सांगणार कोण?

या प्रश्नाचे उत्तर देशात एकदा दिले गेले आहे, आणि तेही यंत्राशिवाय. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचण्यात आली. ज्यांची नावे वाचली जात होती ती माणसे समोर बसली होती. आपण त्या कामावर कधी गेलोच नव्हतो, हे ती उभी राहून सांगू लागली. कागद तेच होते. कचेरीत ते योजना यशस्वी झाल्याचा पुरावा होते, गावासमोर तेच चोरीचा पुरावा झाले. त्या आंदोलनातून माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर गेली आणि २००५ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यातील १७ व्या कलमाने सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला. ही लढाई वहीविरुद्ध कधीच नव्हती. वही कोणासमोर उघडली जाते, हा तिचा विषय होता. मोबाइलवरील नोंद कागदी हजेरीपटापेक्षा येथे एका अर्थी मागे गेली आहे. पूर्वी हजेरीपट कामाच्या जागेवर असे, तो मजुराला पाहता येई, त्यावर सही वा अंगठा उठवावा लागे. आता नोंद कोठे गेली, लागली की नाही, हे मेटलाही पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कळते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या योजनेच्या जागी दुसरा कायदा संमत केला. त्यात दिवस १०० वरून १२५ केले आहेत, आणि जैविक ओळख व मोबाइलवरील देखरेख यांना कायद्यातच स्थान दिले आहे. त्याच्या यशाचे आकडेही याच वहीतून काढले जातील यात शंका नाही. ते आकडे वापरू नयेत असे म्हणणे वेडेपणाचे होईल. त्यांच्याशेजारी कोणते आकडे छापावयाचे यासाठी मात्र आतापासूनच आग्रह धरला पाहिजे. दर गावात किती जणांनी काम मागितले आणि त्यांपैकी किती जणांना तारखेची पोच मिळाली; किती हजेऱ्या चढविताना अडल्या, किती नाकारल्या गेल्या, त्यांतील किती मजुरी नंतर मिळाली; मजुरीला किती दिवस लागले. हे सारे त्याच यंत्रात साठविता येण्याजोगे आहे, त्यास वेगळा खर्च नाही. शिवाय दिवसाची नोंद संध्याकाळी कामाच्या जागेवरच मजुरांना वाचून दाखविली जावी आणि चूक असेल तर तेथल्या तेथे हरकत नोंदविण्याचा हक्क त्यांना असावा, तोही मराठीत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोंडी. तालुक्यातालुक्यातील कार्यकर्त्यांनी तोवर थांबण्याचे कारण नाही. काम मागूनही पोच न मिळालेल्यांची यादी साध्या वहीत, गावाच्या साक्षीने करता येते. येत्या उन्हाळ्यात टंचाईच्या गावांपासून तिची सुरुवात व्हावी, आणि ग्रामसभेत ती सरकारी आकड्याच्या शेजारी वाचली जावी.